उभं राहायची चार चित्रं

सांगलीहून शलाकाचा निरोप:
काका, चालणं झकास झालंय, उडीपण.
आता नुसतं उभं राहणं हवं.
कुणी बटणच दाबलं नाही,
तर गडी काय करतो?

शारजा. रोल्याच्या मागची गल्ली, सहा खाटांची खोली,
वरच्या खाटेवर मी, मांडीवर लॅपटॉप.
दिवसा काचेच्या भिंतींचे नकाशे काढतो, मिलिमीटरात.
रात्री माणूस काढतो:
सोळा चौकोन रुंद, चोवीस उंच.
डोळ्याला एक ठिपका मिळतो.
नाकाला मिळत नाही.
रांगोळीत ठिपके जोडतात;
इथे जोडायचं नाही काही,
नुसतं एकाशेजारी एक बसवायचं
आणि लांबून बघायचं, माणूस होतोय का.

उभं राहणं काढायला बसलो आणि अडलो.
खांदे एक ठिपका वर, एक ठिपका खाली.
श्वास झाला,
पण लोहाराच्या भात्याचा.

ऑगस्टात पहाटे साडेचारला
आमच्या खिडकीची काच बाहेरून घामेजते.
आतून कितीही पुसा.
खाली बससाठी रांग लागलेली,
पिवळी जाकिटं, निळ्या डांगऱ्या,
त्या काचेतून माणसं
आधीच ठिपक्यांची झालेली.

रांगेत शरफूभाई वांगडे,
खालच्या खाटेवरचे, दापोलीकडचे,
क्रेनला साखळ्या लावतात, चौदा वर्षं.
त्यांचं उभं राहणं मी मोजून घेतलं.
भार उजव्या पायावर.
मग डाव्या.
मान बसच्या दिशेने वळते, बस नसते.
डबा एक ठिपका वर उचलतात, मनगट आखडलं असावं.
तिसरं चित्र सगळ्यांत लांब ठेवलं,
नऊशे मिलिसेकंद.
बस नसते ते.

कांद्याची साल म्हणून एक सोय असते:
पुढचं चित्र काढताना
मागचं खालून फिकट दिसत राहतं.
माझ्या गादीतही एक खड्डा आहे,
माझ्या अंगाचा नाही.

सुट्टीला शरफूभाईंना दाखवलं.
चष्मा कपाळावर सरकवून बघत बसले.
‘हा तर मीच की.’
मग म्हणाले, ‘आणि डावीकडे वळला की?’
मी एक कळ दाबली.
गडी आरशातल्यासारखा पालटला.
‘डबा उजव्या हातात गेला,’ म्हणाले,
‘मला उजव्यात धरता येत नाही.’
चहात साखर नको म्हणावं, तितकं सहज.
दोन बोटं. साखळीत. पहिल्याच वर्षी.
दोन वर्षं खाली झोपतोय माणूस,
मी त्यांचे हात बघितले नव्हते.

आता, सोळा चौकोनांत बोटं कुणालाच नसतात.
हात म्हणजे दोन ठिपके.
सगळे असंच करतात, एक बाजू काढायची,
दुसरी आरशातून उचलायची;
खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

शलाकाला कळवलं, चार दिवस जास्त लागतील.
पैसे तेवढेच.
तिने विचारलं, तो सारखा मान वळवून
कशाची वाट बघतो?
बसची.
काका, आपल्या खेळात बस नाहीये.
म्हटलं, तेच.

तेव्हापासून डावी बाजू नव्याने काढतोय,
चालणं आठ, उडी सहा, उभं राहणं चार.
उजवीकडे बघताना डबा अंगाआड होता,
जेमतेम तीन ठिपके दिसायचे.
डावीकडे वळला की अख्खा समोर येतो,
दोन खणी, कडीसकट.

कडीवर एक पांढरा ठिपका ठेवला.
काढून बघितला.
परत ठेवला.